पत्ता सांगणाराच फितूर झाला तर

2005 साली ब्रॉडबँड आलं, तेव्हा ठाण्यात एमटीएनएलचं मोडेम लागलं आणि कल्याण-डोंबिवलीत बीएसएनएलचं. कंपन्या दोन, पण बहुतेक मोडेमांचा पासवर्ड एकच: ‘अ‍ॅडमिन’. नेट सुरू झालं की त्या डबीला पुन्हा कोण हात लावतो? पुढची वीस वर्षं चोरांनी याच आळसावर पोट भरलं.

आपण बँकेचं नाव टाइप करतो. त्याचा आकडी पत्ता डीएनएस सर्व्हर शोधून देतो; कोणत्या सर्व्हरला विचारायचं, हे बहुधा त्याच डबीत नोंदलेलं असतं. त्यानेच खोटा पत्ता दिला, तर नाव अचूक टाइप करूनही आपण ठगाच्या दारात.

2007पासून एस्टोनियातल्या टोळीने ‘डीएनएस चेंजर’ हा व्हायरस घालून जगभरातल्या सुमारे 40 लाख संगणकांना आपल्या सर्व्हरकडे वळवलं. त्यात भारतातलेही होते. नोव्हेंबर 2011मध्ये टोळी पकडली गेली. पण तिचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर लाखोंचं नेट गेलं असतं. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्यांच्या जागी बसवलेले पर्यायी सर्व्हर 9 जुलै 2012पर्यंत चालू ठेवावे लागले.

दरम्यान 2008मध्ये डॅन कामिन्स्की या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं, की खुद्द डीएनएस सर्व्हरच्या स्मृतीतही खोटी उत्तरं पेरता येतात. 2013मध्ये याच सर्व्हरचं हत्यार झालं: दुसऱ्याच्या नावाने छोटा प्रश्न विचारायचा आणि मोठं उत्तर त्याच्या अंगावर सोडायचं. ‘स्पॅमहॉस’ या संस्थेवर असा सेकंदाला 300 गिगाबिटचा मारा झाला.

2014मध्ये घरचे राउटरच सापडले. सुमारे तीन लाख राउटरांमधले डीएनएस पत्ते बदललेले निघाले. सर्वाधिक फटका बसलेल्या देशांत भारत होता. संगणकावर अँटिव्हायरस असून उपयोग नव्हता, कारण बिघाड भिंतीवरच्या डबीत होता. 2017च्या जुलैत बीएसएनएलची हजारो मोडेम व्हायरसने बंद पाडली, तेव्हा कंपनीने ग्राहकांना सांगितलं: मूळ पासवर्ड बदला.

आता रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘.बँक.इन’ हा राखीव पत्ता दिला आहे. चांगलंच झालं. पण घरातली डबी आपलीच जबाबदारी. बऱ्याच राउटरांचं सेटिंगचं पान 192.168.1.1 वर उघडतं. तिथे डीएनएसच्या रकान्यात अनोळखी आकडे दिसले तर नेटवाल्याला विचारा आणि पासवर्ड आजच बदला. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.