न दिसणाऱ्या सहकाऱ्याशीं बोलतांना

एकाच कचेरींत शेजारीं बसणाऱ्या दोघांत खटका उडाला, तर तो बहुधा सायंकाळपर्यंत टिकत नाहीं. चहाच्या वेळीं एखादा मऊ शब्द निघतो आणि प्रकरण मिटतें. परंतु हल्लीं पुष्कळशीं कामें अशी मंडळी मिळून करतात, कीं ज्यांनीं एकमेकांचें तोंडही पाहिलेलें नसतें. त्यांचा सारा व्यवहार आंतरजालावरून, चार लेखी ओळींनीं चालतो. ओळींना आवाज नसतो, चर्या नसते. म्हणून तेथें राग निवळत नाहीं, सांचत जातो.

लिहिणारास ही उणीव जाणवत नाहीं. क्रुगर, एप्ले आदि मानसशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंत केलेले प्रयोग २००५ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत कांहीं वाक्यें गंभीरपणें, तर कांहीं उपरोधानें ई-मेलनें धाडावयाचीं होतीं. आपला रोख वाचणारास कळेलच, असा लिहिणारांचा भरंवसा होता. प्रत्यक्षांत वाचणारांचा तर्क नाणें उडवून केलेल्या निवाड्याहून फारसा सरस ठरला नाहीं. लिहितांना आपला स्वर आपल्याच कानांत घुमत असतो. तो कागदावर उतरला, असा भास होतो.

‘लिनक्स’ या संगणकप्रणालीचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ती आरंभिली आणि पुढें देशोदेशींच्या हजारों लोकांनीं ई-मेलच्या द्वारें ती वाढविली. टोरवाल्ड्स यांची पारख कांटेकोर, पण भाषा जहाल. सदोष काम पाठविणाराचा ते सर्वांसमक्ष पाणउतारा करीत. अखेर सप्टेंबर २०१८ मध्यें त्यांनीं त्याच मंडळींस पत्र लिहून क्षमा मागितली. आपल्या शब्दांनीं माणसें दुखावलीं, कदाचित् कांहीं कायमचीं दुरावलीं, असें त्यांनीं कबूल केलें. इतरांच्या भावना समजून घेण्यास शिकण्यासाठीं त्यांनीं कांहीं काळ रजा घेतली. त्याच सुमारास मंडळानें वर्तनाचे नवे नियम स्वीकारले. ऑक्टोबरांत ते परतले. कामाची कसोटी सैल झाली नाहीं. बदलावयाची होती ती भाषा.

यांतील धडा साधा आहे. दोष कामाचा सांगावा, माणसाचा नव्हे. रागानें लिहिलेलें पत्र रात्रभर तसेंच ठेवावें व सकाळीं परक्याच्या डोळ्यांनीं वाचावें. दोन उत्तरांत गैरसमज फिटला नाहीं, तर तिसरें न लिहितां प्रत्यक्ष आवाजानें बोलावें. आणि अपमान चारचौघांत झाला असेल, तर क्षमाही चारचौघांतच मागावी. दूरच्या माणसाला आपला चेहरा दिसत नाहीं. त्यानें विश्वास ठेवावयाचा, तो आपल्या शब्दांवरच.