माणूस माणसाला ओढतो त्या गावी

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या वाशीम जिल्ह्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. आसेगावात दुपारी बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा वेळी वर्तमानपत्रातील थंड हवेच्या ठिकाणांची चित्रे पाहून लेकरे हट्ट धरतात, "बाबा, आपण कधी जायचं?" कारकुनाच्या पगारात असे हट्ट दरवर्षी पुरविता येत नाहीत. तरीही २०१९ च्या मे महिन्यात आम्ही धीर केला आणि पत्नी, दोन लेकरे व म्हातारी माय यांना घेऊन माथेरानला निघालो. मंगरूळपीरहून एस.टी.ने अकोला, तेथून रेल्वेने कल्याण, कल्याणहून कर्जतच्या लोकलने नेरळ आणि नेरळहून जीपगाडीने वर, असा तो प्रवास.

सहलीच्या गावाबद्दल लिहिणारे तेथील डोंगर, सूर्यास्त आणि चिक्की यांबद्दल लिहितात. वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही मात्र तेथे राहणाऱ्या माणसांच्या रोजच्या जगण्याबद्दल चार शब्द सांगणार आहोत. पाहुणे दोन दिवस राहून परत जातात, पण गावकऱ्यांना तर बारा महिने तेथेच काढावे लागतात.

मोटार नसलेले गाव

माथेरान हे रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी ही जागा हेरली आणि पुढे मुंबईच्या इंग्रज साहेबांनी व धनिकांनी तेथे बंगले बांधले. १९०७ साली आदमजी पीरभॉय या कुटुंबाने नेरळपासून वर छोटी रेल्वे आणली. तिच्या रुळांची रुंदी अवघी दोन फूट. आजही लोक तिला झुकझुक गाडी म्हणतात.

या गावात मोटारींना बंदी आहे. २००३ साली केंद्र सरकारने माथेरानचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. जीपगाडी दस्तुरी नाक्यावर थांबते. तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. त्या वेळी पायी, घोड्यावर नाहीतर हातरिक्षात बसून जावे लागे. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी एवढीच काय ती वाहने गावात शिरू शकत.

पाहुण्याला ही शांतता फार गोड वाटते. आम्हालाही वाटली. ना भोंगा, ना धूर. पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून आम्ही बाजाराकडे गेलो तेव्हा हे गाव कोणाच्या बळावर चालते ते दिसले. गॅसची टाकी घोड्याच्या पाठीवर, भाजीची पोती हातगाडीवर, अंड्यांचे ट्रे माणसाच्या डोक्यावर. पायथ्याच्या वाड्यांतील आदिवासी भगिनी करवंदे-जांभळांच्या पाट्या घेऊन डोंगर चढून आलेल्या. हॉटेलात आमच्या पानात पडलेला भात आणि वाटीतले वरण कोणाच्या ना कोणाच्या पाठीवरून, डोक्यावरून वर आले होते. वाळवंटातल्या सहलीच्या गावी जसे धान्य, सरपण, पाणी सारे बाहेरून न्यावे लागते, तशीच गत या डोंगरावर आहे. जमीन शेतीची नाही, कारखाना नाही. पाहुणा आला तर चूल पेटते.

पाण्याचेही तसेच. धो धो पाऊस पडणारा हा डोंगर, पण पाणी सारे दरीत वाहून जाते. शार्लोट तलावातले पाणी आणि पायथ्याकडून पंपाने वर चढविलेले पाणी यांवर गावाची तहान भागते. झुकझुक गाडीच्या वाटेवर तर एका स्टेशनाचे नावच 'वॉटर पाईप' असे आहे. आमच्या मायने ती पाटी पाहिली नाही, पण हॉटेलातला नळ वाहता दिसला की ती धावत जाऊन बंद करी. हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालण्यात तिचे अर्धे आयुष्य गेले आहे.

माय रिक्षात बसेना

दस्तुरी नाक्यावर घडलेला प्रसंग आम्ही आजवर विसरलो नाही. मायचे गुडघे दुखतात. तीन किलोमीटरची चढउतार तिला झेपणारी नव्हती. घोड्याची तिला भीती वाटे. म्हणून आम्ही हातरिक्षा ठरविली. लाकडी बैठकीची ती गाडी. पुढे एक माणूस ओढणार आणि चढावर मागून दोघे ढकलणार. पुढचा गृहस्थ पन्नाशीचा असेल. पायांत झिजलेली चप्पल, पोटऱ्यांवर लाल माती.

मायने त्याच्याकडे पाहिले आणि ती मागे सरली. म्हणाली, "माणसानं माणसाले वढाव अन् म्या बसून राहाव? मले नाई जमत, बापू."

आम्ही समजावू लागलो. तोच तो रिक्षावाला पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "आजी, तुम्ही सगळे असेच म्हणाल तर आम्ही खायचं काय? बसा. तुमचं वजन काही जड नाही."

माय गप्प झाली. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामावर तिने खडी फोडली होती, डोक्यावर दगडांच्या पाट्या वाहिल्या होत्या. हे काम वाईट आहे असे त्या वेळी कोणी तिला सांगितले असते तर तिनेही हेच विचारले असते. ती रिक्षात बसली. चढ आला की "थांब रे बाबा" म्हणून उतरे आणि आमच्या हाताला धरून हळूहळू चाले. सपाटी आली की पुन्हा बसे. बाजारात पोचल्यावर तिने आम्हाला ठरल्यापेक्षा जास्त पैसे द्यायला लावले आणि रिक्षावाल्याला घरची बांधून आणलेली भाकरी व ठेचा दिला.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. मायची लाज खरी होती, त्याची भूकही खरी होती. मग यांतला मार्ग कोणता?

गावकऱ्यांचे बारा महिने

माथेरानची वस्ती चार-पाच हजारांची. दिवाळी, नाताळ आणि उन्हाळी सुट्टी हे कमाईचे दिवस. जून लागला की धुके आणि पाऊस. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबईची तरुण मंडळी येतात, पण एरवी धंदा थंड असतो. पावसाळ्याआधीच घरोघरी तांदूळ, डाळ, सरपण भरून ठेवावे लागते. २६ जुलै २००५ च्या पावसाने झुकझुक गाडीचा मार्ग वाहून गेला, ती २००७ साली पुन्हा सुरू झाली. २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि काही महिने पाहुणा फिरकला नाही. त्या काळात ज्यांच्या घरी साठवण होती ते तगले. ज्यांचे हातावर पोट होते त्यांचे हाल कोणी लिहून ठेवले नाहीत.

रोजची पायपीट तर सुटतच नाही. लाल मातीचा रस्ता, घोड्यांची लीद, उन्हाळ्यात धूळ आणि पावसात चिखल. शाळेची लेकरे पाठीवर दप्तर घेऊन मैलोगणती चालत. म्हातारी माणसे खाली नेरळला जायचे म्हटले की धास्तावत. मोटारबंदीमुळे झाडे वाचली ही चांगली गोष्ट, पण तिचा भार मात्र गरिबाच्या खांद्यावर पडला.

याच माथेरानात १ डिसेंबर १९१२ रोजी एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल जन्मले. वकील झाले, नगरपालिकेचे पदाधिकारी झाले, गोरगरिबांसाठी शाळा आणि धान्यकोठी काढली आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीला बळी पडले. हे गाव साहेबांनी वसविले असे पुस्तके सांगतात. पण गावाचे नाव मोठे केले ते गावातल्याच श्रमकऱ्याच्या मुलाने. हे आमच्या लेकरांना आम्ही मुद्दाम सांगितले.

न्यायालयाने काय सांगितले

माथेरानात ९४ परवान्यांच्या हातरिक्षा होत्या. त्या ओढणाऱ्यांनीच संघटना करून मागणी केली की आम्हाला विजेवर चालणारी ई-रिक्षा द्या. हे काम सोडायचे आहे, पण पोटही भरले पाहिजे. दुसरीकडे साडेचारशेच्या आसपास प्रवासी घोडे आणि त्यांचे मालक. ई-रिक्षा आली तर आपला धंदा बसेल ही त्यांची भीती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावल्या आणि पुढे वीस ई-रिक्षांना मुभा मिळाली. शाळेची लेकरे आणि म्हातारी माणसे त्यांत बसू लागली.

६ ऑगस्ट २०२५ रोजी निकाल लागला. न्यायपीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई. आपल्या शेजारच्या अमरावतीचे सुपुत्र आणि त्या पदावर बसलेले पहिले बौद्ध. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष आहे आणि स्वातंत्र्याला ७८ वर्षे झाल्यावरही ती चालू राहणे हा संविधानाने दिलेल्या सामाजिक व आर्थिक न्यायाच्या वचनाचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा असा आदेश दिला.

पण आम्हाला खरे महत्त्वाचे वाटले ते त्यापुढचे. न्यायालय नुसते "बंद करा" म्हणून थांबले नाही. गुजरातेतील केवडिया येथील योजनेच्या धर्तीवर राज्य सरकारने ई-रिक्षा विकत घ्याव्यात, खऱ्या हातरिक्षा चालकांची यादी करून त्यांना त्या भाड्याने द्याव्यात आणि उरलेल्या आदिवासी भगिनींना व इतर गरजूंना द्याव्यात, असे सांगितले. पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले.

दस्तुरी नाक्यावर आमच्या मायने आणि त्या रिक्षावाल्याने एकमेकांना जे विचारले होते, त्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या एका निकालात आहे. मान आणि भाकरी दोन्ही एकदमच मिळाली पाहिजेत.

निकाल कागदावर राहू नये

असे का म्हणतो ते आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला. पण हाताला दुसरे काम मिळाले नाही, म्हणून प्रथा संपली नाही. वीस वर्षांनी, २०१३ साली, पुनर्वसनाची तरतूद असलेला दुसरा कायदा करावा लागला. बंदी एका ओळीत लिहिता येते, पण ज्याचे काम गेले त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी पीठ आहे की नाही हे कोणी जाऊन पाहावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधानाच्या २३ व्या कलमात वेठबिगारीला बंदी घातली. पोटासाठी नाइलाजाने करावे लागणारे अपुऱ्या मजुरीचे काम हीसुद्धा एक सक्तीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली मजुरांच्या खटल्यात सांगितले. चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह झाला ते महाड याच रायगड जिल्ह्यात आहे. त्या जिल्ह्यात एकाही माणसाला दुसऱ्या माणसाचा बैल व्हावे लागू नये.

आपल्यापैकी जी कुटुंबे माथेरानला किंवा अशाच एखाद्या सहलीच्या गावी जातील, त्यांना आमच्या चार विनंत्या आहेत. ओझे कमी न्या. हमालाशी दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. पाणी जपून वापरा, ते कोणीतरी डोंगर चढवून आणले आहे. आणि लेकरांना सूर्यास्त दाखवाल तेव्हा पहाटेचा बाजारही दाखवा, म्हणजे आपल्या ताटातले अन्न कोठून येते ते त्यांना कळेल.

परतल्यावर आपल्या गावाकडेही पाहावे. बाजार समितीत पोती उचलणारा हमाल, नाली उपसणारा सफाई कामगार, वीटभट्टीवरची भगिनी ही सारी आपलीच माणसे आहेत. त्यांच्या नोंदण्या, त्यांची मजुरी, त्यांच्या लेकरांची शाळा यांसाठी अर्ज लिहून द्यायला आपल्या वस्तीतील शिकलेल्या मुलांनी आठवड्यातला एक तास दिला तरी पुष्कळ होईल. आम्ही आसेगावात रविवारी सकाळी हेच करतो.

निकालाची बातमी आली तेव्हा आम्ही ती मायला वाचून दाखविली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या बापूले गाडी भेटली का रे?"

माथेरानच्या प्रत्येक हातरिक्षावाल्याबद्दल हा प्रश्न आपण सर्वांनी सरकारला विचारत राहिले पाहिजे.