सायबर हल्ला झाला, तर आपल्या संस्था किती तासांत उभ्या राहतील?

दोन मोजमापे

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२४ मध्ये जगभरातल्या देशांची सायबर सज्जता मोजली, तेव्हा भारताला १०० पैकी ९८.४९ गुण मिळाले आणि आपला देश सर्वांत वरच्या श्रेणीत बसला. त्यानंतर वर्षाच्या आतच सिस्को कंपनीची २०२५ ची पाहणी आली. तिच्यानुसार भारतातल्या जेमतेम ७ टक्के संस्था सज्जतेच्या शेवटच्या, ‘परिपक्व’ पायरीवर आहेत.

दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. पहिल्या मोजणीत सरकारला गुण मिळतात: कायदे आहेत का, तक्रार घेणारी यंत्रणा आहे का, इतर देशांशी सहकार्य आहे का. दुसरीत प्रत्यक्ष कंपन्यांना विचारले जाते. सिस्को स्वतः सुरक्षेची साधने विकते, म्हणून तिचे आकडे जपून वाचावेत. याच पाहणीत २०२३ साली भारताचा आकडा २४ टक्के होता आणि २०२४ ला ४ टक्के. वर्षभरात संस्था एवढ्या बिघडत नाहीत. निकष हलले की आकडाही हलतो.

मला तीन साधे प्रश्न जास्त भरवशाचे वाटतात. हल्ला झाल्याचे किती लवकर कळले? तो किती जागेत थोपवला गेला? आणि काम किती तासांत पुन्हा सुरू झाले? गेल्या दशकातल्या भारतीय घटना या प्रश्नांवर तपासून पाहिल्या, की खरे चित्र दिसू लागते.

कळणे: कॉसमॉस आणि युनियन बँक

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी दोन-सव्वादोन तासांत २८ देशांतल्या एटीएममधून तिच्या व्हिसा कार्डांच्या बनावट प्रतींवर सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. रुपे कार्डांवर देशातूनच आणखी अडीच कोटी गेले; कोल्हापूर, मुंबई, इंदूर इथल्या एटीएमसमोर माणसे उभी करण्यात आली होती. सोमवारी, १३ तारखेला, बँकांमधले आंतरराष्ट्रीय निरोप पोहोचवणाऱ्या स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर.

हे घडले कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. आपण कार्ड घातले की एटीएमचा निरोप बँकेच्या ‘स्विच’कडे जातो. स्विच तो कोअर बँकिंगपुढे ठेवतो: खाते आहे का, शिल्लक आहे का? तिथून होकार आला की नोटा बाहेर पडतात. हल्लेखोरांनी मालवेअरच्या मदतीने स्वतःचा बनावट स्विच उभा केला आणि परस्पर होकार द्यायला सुरुवात केली. कोअर बँकिंगपर्यंत प्रश्न पोहोचतच नव्हता. म्हणूनच एकाही खातेदाराची शिल्लक घटली नाही. गेला तो बँकेचा पैसा. बँकेच्या मूळ हिशेबात खळबळ दिसावी असे काही घडतच नव्हते.

एटीएममधून अशी एकाच वेळी मोठी लूट होण्याची शक्यता आहे, असा गोपनीय इशारा अमेरिकेच्या एफबीआयने आदल्याच दिवशी बँकांना दिला होता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले, पण ती पैसे काढणाऱ्या साखळीतली माणसे होती.

यातला सर्वांत बोचणारा भाग मला तारखांमध्ये दिसतो. एटीएमवरचा घाला शनिवारचा, स्विफ्टवरचा सोमवारचा. घुसखोर एका यंत्रणेत सापडला, की बाकीच्या सगळ्या यंत्रणाही त्याच्या हातात आहेत असे धरूनच पुढचे पाऊल टाकावे लागते.

याच्या उलट उदाहरण जुलै २०१६ चे. युनियन बँकेत एका ईमेलला जोडलेली फाइल उघडली गेली, घुसखोर आत शिरले आणि त्यांनी स्विफ्टवरून १७ कोटी १० लाख डॉलर परदेशात पाठवले. परदेशी बँकेतल्या खात्याचा रोजचा ताळमेळ घालताना रक्कम जुळेना, तिथेच चोरी उघडी पडली. लगेच निरोप गेले आणि पैसे परत मिळाले. रोज सकाळी आकडा आकड्याशी जुळवण्याचे काम कुणाला आकर्षक वाटत नाही, पण त्या दिवशी बँक वाचली ती त्याच्यामुळे.

थोपवणे: दिल्लीचे एम्स

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये रॅन्समवेअरने पाच सर्व्हर कुलूपबंद केले. सुमारे १.३ टेराबाइट माहिती सांकेतिक रूपात अडकली. नावनोंदणी, तपासण्यांचे अहवाल, रुग्णांना दाखल करून घेणे हे सगळे कागदावर आले. देशभरातून तिथे येणाऱ्या रुग्णांच्या रांगा त्यामुळे किती लांबल्या असतील, हे सरकारी रुग्णालयात कधी उभे राहिलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही.

सरकारने संसदेत कारण सांगितले: नेटवर्कचे विभाजन नीट नव्हते. म्हणजे एका संगणकात शिरलेल्याला दुसऱ्या विभागात जायला वाटेत अडथळा नव्हता. लेखा विभाग, प्रयोगशाळा, रुग्णांच्या नोंदी यांचे जाळे वेगवेगळे ठेवायचे आणि त्यांच्यात मोजक्याच, पहारा असलेल्या वाटा ठेवायच्या, ही यातली जुनी आणि मान्य पद्धत. तिला नवे यंत्र लागतेच असे नाही. आहे त्या यंत्रांची मांडणी बदलावी लागते, आणि त्यासाठी कुणीतरी जबाबदार माणूस लागतो.

पुन्हा उभे राहणे

एम्सच्या ई-हॉस्पिटल या रुग्णनोंदींच्या यंत्रणेतली माहिती शेवटी परत मिळाली, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून सुटला होता. त्यावरून नव्या सर्व्हरवर सगळे चढवायला दोन आठवड्यांच्या आसपास लागले.

न्हावा शेवा बंदरानेही अशी झळ सोसली. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा मालवेअर जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा बसल्या आणि त्यांच्याबरोबर या बंदरातले तिच्या समूहाचे कंटेनर टर्मिनलही. मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. ते शक्य झाले, कारण हल्ल्याच्या वेळी घानातल्या कार्यालयात वीज गेलेली होती आणि तिथला एक महत्त्वाचा सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. त्या सर्व्हरच्या बाकी सगळ्या प्रती एकमेकींशी जोडलेल्या होत्या, म्हणून एकदमच गेल्या. निदान एक प्रत तरी नेटवर्कपासून तोडून ठेवावी, हे या घटनेने जगाला शिकवले.

पुरवठादाराच्या दारातून

३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अडले. यांतल्या बहुतेक सहकारी आणि ग्रामीण बँका. रॅन्समवेअर शिरले होते ते त्यांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेत. स्टेट बँक आणि टीसीएस यांच्या भागीदारीतली ही कंपनी. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिची जोडणी तोडली आणि दुसऱ्या दिवशी तपासणीनंतर ती पुन्हा सुरू केली. खातेदारांचा एक दिवस गेला, तरी हा निर्णय योग्य होता. संसर्ग पुढे गेला असता, तर किंमत कितीतरी मोठी पडली असती. मात्र लहान बँकेने स्वतःचे घर कितीही नीट ठेवले, तरी तिची सुरक्षा पुरवठादाराच्या हातात राहते, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

देशातल्या नागरी सहकारी बँकांपैकी जवळपास एक तृतीयांश महाराष्ट्रात आहेत. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये या बँकांसाठी त्यांच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार स्तर ठरवून दिले. स्तर वाढेल तसे नियम कडक. दिशा बरोबर आहे, पण लहान बँकेत प्रिंटर दुरुस्त करणाराच माणूस फायरवॉलही सांभाळत असेल, तर परिपत्रकाची अंमलबजावणी त्याच्या मोकळ्या वेळावर ठरते.

कायदा काय मागतो

सर्ट-इन ही सायबर घटना हाताळणारी राष्ट्रीय संस्था २००४ पासून काम करते. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचे, यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आणि सगळ्या यंत्रांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवायची. घड्याळाची अट किरकोळ वाटते, पण दोन सर्व्हरच्या वेळेत सात मिनिटांचा फरक असला, तर आधी काय घडले आणि नंतर काय, हे तपासात लावताच येत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा तर सुरक्षेत हलगर्जी झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो.

सर्ट-इनकडे २०२२ मध्ये १३.९१ लाख घटनांची नोंद झाली, २०२४ मध्ये २०.४१ लाखांची. यात हल्ले किती वाढले आणि कळवण्याची सवय किती वाढली, हे वेगळे काढणे कठीण आहे. कळवणे वाढले असेल, तर ती चांगलीच गोष्ट. बदनामीच्या भीतीने दडवलेली घटना दुसऱ्या संस्थेला सावध करू शकत नाही.

सभासदाने काय विचारावे

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. लाभांशावर चर्चा होतेच. त्याच सभेत सभासद विचारू शकतो: बॅकअपवरून सगळी यंत्रणा प्रत्यक्ष उभी करून शेवटचे कधी पाहिले, आणि किती तास लागले? एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली आहे का? शनिवारी रात्री दोन वाजता इशारा आला, तर फोन कुणाला जातो आणि जोडणी तोडण्याचा अधिकार कुणाला आहे? पुरवठादाराच्या करारात घटना कळवण्याची मुदत लिहिली आहे का? उत्तरात तारखा आणि तास आले, तर ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत, म्हणजे पुढच्या सप्टेंबरच्या सभेत त्यांची पडताळणी करता येईल.