संकलित जोडखंड आणि स्वतंत्र आज्ञावली : वेगाचा विचार

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे एकाच लोहमार्गावर लागोपाठ वसलेली आहेत. उल्हासनगरात १९४७ नंतर आलेल्या निर्वासितांची सिंधी, आसपासची आगरी बोली आणि प्रमाण मराठी यांचा या पट्ट्यात नित्य संपर्क घडतो. येथील शब्दसंग्रहाची तुलना संगणकाकरवी करावयाची झाल्यास वेगासाठी कोणती रचना पत्करावी, हा प्रश्न अभ्यासकापुढे उभा राहतो.

समजा, १०,००० शब्द जमले असून प्रत्येक शब्द इतर प्रत्येकाशी ताडून पाहावयाचा आहे. अशा जोड्या ४,९९,९५,००० होतात. पायथन भाषेत हे काम मंद चालते. कारण तिचा दुभाष्या प्रत्येक आज्ञेचा अर्थ काम चालू असतानाच लावीत जातो. सी भाषेतील आज्ञा मात्र संकलक आधीच यंत्रभाषेत उतरवून ठेवतो. या संकलित आज्ञांचा उपयोग दोन प्रकारे करता येतो. जोडखंड, ज्याला व्यवहारात एक्स्टेन्शन म्हणतात, तो पायथनच्याच स्मृतीत राहून चालतो. स्वतंत्र आज्ञावली वेगळी चालते व आपली सामग्री बाहेरून वाचून घेते.

दोहोंतील यंत्रभाषा जवळजवळ सारखीच असल्याने प्रत्यक्ष तुलनेच्या वेगात फारसे अंतर नसते. अंतर पडते ते सीमा ओलांडण्यात. जोडखंडाला प्रत्येक जोडीसाठी निराळे पाचारण केले, तर दर वेळी पायथनचे शब्द सी भाषेच्या रूपात आणावे लागतात. या खटाटोपास एक दशलक्षांश सेकंद लागतो असे धरले, तरी एकूण सुमारे ५० सेकंद होतात. प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र आज्ञावली नव्याने सुरू केली आणि त्यास एक सहस्रांश सेकंद लागला, तर केवळ प्रारंभातच सुमारे १४ तास जातील. उलटपक्षी, संपूर्ण यादी एकदाच सोपविली, तर दोन्ही रचना जवळजवळ बरोबरीने चालतात.

म्हणून निवडीचा निकष कामाचे स्वरूप हाच होय. मधले निष्कर्ष पायथनमध्ये वारंवार हवे असतील, तर जोडखंड सोयीचा. काम स्वयंपूर्ण असेल, तर स्वतंत्र आज्ञावली बरी. ती कोसळली तरी हानी तिच्यापुरतीच राहते. सदोष जोडखंड मात्र संपूर्ण पायथनलाच खाली ओढतो आणि न साठविलेले काम नष्ट होते.

तेव्हा विद्यार्थ्याने प्रथम वेळ कोठे खर्ची पडतो हे मोजावे आणि आवर्तनासह सारे काम सीमेपलीकडे न्यावे. एरवी क्षेत्रकार्याचे महिने पुनर्लेखनात जातील आणि वेग मात्र हाती लागणार नाही.