परदेशी कोठडीत अडकलेल्या मुलाला पैसे पाठवताना



एरवी आपण बोलतो ते छाटणीवर, फवारणीवर, नाहीतर चाळीतल्या कांद्यावर. आजचा विषय वेगळा आहे, पण आपल्या बांधापासून तो फार लांबचा नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यातून ड्रायव्हर, गवंडी, वेल्डर, आचारी म्हणून आखाती देशांत गेलेली मुले गावोगाव आहेत. बहुतेक नीट जातात, नीट कमावतात, घराला स्लॅब टाकतात, बहिणीचे लग्न करतात. परंतु एखाद्याचे बिनसते. व्हिसाची मुदत संपते, किंवा मालक पासपोर्ट दाबून ठेवतो, पगार थकवतो, आणि मुलगा कंटाळून दुसरीकडे कामाला लागतो. तिथल्या कायद्याने तो त्या दिवसापासून बेकायदा. मग रस्त्यावर तपासणीत सापडला की रवानगी कोठडीत. सौदी अरबस्तानात आपली मुले या जागेला 'तर्हील' म्हणतात. तिथे ठेवलेला माणूस चोर-दरोडेखोर नसतो. त्याला मायदेशी पाठवायचे असते, एवढेच. पण तोवर तो कुलपातच असतो.

आणि मग एक दिवस घरी फोन येतो. "आबा, तुमचा पोरगा आत आहे. आज रात्रीपर्यंत दोन लाख टाका, उद्या बाहेर काढतो. उशीर केला तर वर्षभर सुटत नाही." बोलणारा कोण, हे धड कळत नाही. आई रडू लागते, बाप खुंटीवरची टोपी उचलतो आणि सावकाराचा रस्ता धरतो. मिळेल त्या भावाने कांदा जातो, दुभती म्हैस जाते, आणि पैसे कुणा अनोळखी माणसाच्या खात्यावर जातात. हा लेख त्या रात्रीसाठी आहे.

आधी आपल्या जवळचीच रीत पाहू. नाशिकरोडचे मध्यवर्ती कारागृह १९२७ सालचे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ मध्ये याच तुरुंगात लिहिली. आत असलेल्या माणसाला घरून पैसे पाठवायचे तर जुना रस्ता मनीऑर्डरचा. वर कैद्याचे नाव व त्याचा क्रमांक घालून ती अधीक्षकांच्या मार्फत पाठवायची. रोख रक्कम कैद्याच्या हातात पडत नाही. ती त्याच्या नावच्या हिशेबात जमा होते, आणि साबण, तेल, बिस्किटे असे तो तुरुंगाच्या कँटीनमधून घेईल तसतशी वजा होते. महिन्याला किती पाठवता येतील याला शासनाने मर्यादा घातलेली असते. २०२१ मध्ये मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात एका बड्या सिनेनटाचा मुलगा होता, त्यालाही घरून साडेचार हजारांचीच मनीऑर्डर आली. त्या वेळची मर्यादा तेवढीच होती. पुढे त्याच्यावर आरोपपत्रही दाखल झाले नाही, तो भाग वेगळा.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, कोठडी कोणत्याही देशाची असो, सरळ व्यवहाराचा ढंग साधारण असाच असतो. आतल्या माणसाला नाव आणि नंबर असतो. पैसे घेणारी एक कचेरी असते. पैसे दिल्याचा कागद मिळतो. औषध दुकानातून बिलाशिवाय औषध घेऊ नका, असे मी तुम्हाला सांगत आलो. औषध बोगस निघाले तर हातात कागद हवा म्हणून. इथेही तेच. जो फोनवाला नंबर सांगत नाही, कचेरीचे नाव सांगत नाही आणि पावतीचे नाव काढताच चिडतो, त्याला पैसे देऊ नयेत.

तेव्हा पैशाआधीचे काम माणूस शोधण्याचे. यासाठी दिल्लीहून परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवासी भारतीय सहायता केंद्र चालते. त्याचा १८००-११-३०९० हा क्रमांक फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही. मंत्रालयाने २०१५ मध्ये 'मदद' नावाची तक्रार नोंदणीही संगणकावर सुरू केली आहे. गावातल्या सेवा केंद्रातून किंवा शिकलेल्या पुतण्याकडून ती भरून घ्यावी. तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो सातबाऱ्यासारखा जपावा. मुलाशी बोलणे झालेच, तर त्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: "तिथल्या साहेबाला सांग, माझ्या देशाच्या वकिलातीला कळवा." १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या छत्तिसाव्या कलमाप्रमाणे, पकडलेल्या परदेशी माणसाने असे म्हटले की त्याच्या वकिलातीला विनाविलंब कळवावे लागते. आपले कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये पाकिस्तानला दोषी धरले, ते याच कलमाच्या भंगाबद्दल. केवढ्या मोठ्या खटल्यात वापरले गेलेले कलम आपल्या पोराच्याही उपयोगाचे आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता पैसे लागतात ते कशाला? आखातात मुख्य खर्च दोन, मुदतीनंतर राहिल्याचा दंड आणि परतीचे तिकीट. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-अबुधाबीकडे, मुदत संपल्यावर दर दिवसाला ५० दिरहम दंड चढतो. शंभर दिवस झाले की पाच हजार दिरहम, म्हणजे लाख-सव्वा लाख रुपये. सावकाराच्या व्याजासारखाच हा प्रकार, रोजच्या रोज वाढणारा. म्हणून मुलगा बेकायदा झाला आहे असे कळले की, "बघू, निघेल काहीतरी" म्हणत बसू नये. मधूनमधून ती सरकारे माफीची मुदतही जाहीर करतात. कुवेतने २०२४ च्या मार्चपासून जूनअखेरपर्यंत दिली, अमिरातीने त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर दिली. त्या मुदतीत पुढे आलेल्यांना दंड न भरता मायदेशी परतता आले. अशा मुदतीची बातमी कानावर आली की मुलाला त्याच दिवशी फोन करावा.

पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला असला तरी घाबरू नये. वकिलात परतीपुरता एक दाखला देते, आपली मुले त्याला 'आऊटपास' म्हणतात. आणि ज्याच्याजवळ खरोखरच काही नाही, त्याच्यासाठी प्रत्येक वकिलातीत भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. हा २००९ मध्ये सुरू झाला आणि २०१७ मध्ये त्याचे नियम सैल केले. पासपोर्ट वगैरे कामांवर वकिलाती जे थोडे जादा शुल्क घेतात, त्यातून हा निधी उभा राहतो, म्हणजे पैसा आपल्याच माणसांचा. त्यातून गरजूंना तिकीट, किरकोळ गुन्ह्याचा वा बेकायदा राहिल्याचा दंड, वकिलाची फी, काही दिवसांची राहण्या-खाण्याची सोय देता येते. सरसकट सर्वांना मिळत नाही, गरज पाहून मिळते. पण अर्जच केला नाही तर कुणी घरी आणून देणार नाही. म्हैस विकण्याच्या आधी हा अर्ज व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कधी कधी पैसे पाठवायचे नसतात, आणायचे असतात. मुलाचे चार-सहा महिन्यांचे वेतन मालकाकडे अडकलेले असते आणि विमानात बसवले की सारे बुडाले असे तो समजतो. निघण्यापूर्वी वकिलातीला किंवा तिथल्या विश्वासू माणसाला मुखत्यारपत्र करून दिले, तर मागाहून दावा चालवता येतो. हे मुलाच्या कानावर घालावे.

अमेरिकेचा मामला निराळा. तिकडे चोरवाटेने जाण्याला पंजाब-गुजरातकडे 'डंकी' म्हणतात. त्यासाठी लोकांनी एकरच्या एकर विकले. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले, त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते. तेव्हा हे लोण आपल्याकडे नाही, असे समजू नये. तिथे कोठडीतल्या परदेशी माणसाला 'ए नंबर' असतो. तो नंबर आणि जन्मदेश माहीत असेल तर तो कुठल्या कोठडीत आहे, हे तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर पाहता येते. नाशिकरोडसारखेच त्याच्या नावचे खाते असते, त्यातून तो फोन करतो, खाण्याचे जिन्नस घेतो. पैसे भरून घेणाऱ्या कंपन्या वर आपली फी लावतात. आत स्वखुशीने काम केले तर कित्येक ठिकाणी दिवसाला एक डॉलर मजुरी मिळते. आपल्याकडे निंदणीला बाई याहून कितीतरी जास्त रोज घेते! म्हणूनच घरच्या थोड्या पैशांचे मोल तिथे फार. पोराचा आवाज ऐकू येतो तो त्या पैशांवर.

जामिनाची गोष्ट मात्र सांभाळून ऐका. तिथल्या कायद्यात अशा जामिनाची किमान रक्कम १,५०० डॉलर आहे, पण प्रत्यक्षात ती पुष्कळ जास्त ठरू शकते. २०२५ पासून तिथल्या सरकारने चोरवाटेने शिरलेल्यांना जामीन नाकारण्याचे धोरण धरले आहे. जामीन भरणारा तिथे कायदेशीर राहणारा माणूस लागतो, आणि पैसे सरकारजमा होतात. इकडच्या एजंटाच्या खात्यावर 'जामिनाचे' म्हणून टाकलेले पैसे तिकडे पोचतील, याची कसलीही हमी नाही.

इथून पैसे पाठवण्याचा रस्ता कोणता? पोस्टात किंवा बाजारपेठेतल्या दुकानात परदेशातून आलेले पैसे तुम्ही घेतले असतील. ती सोय फक्त पैसे येण्याची आहे, तिच्यातून बाहेर पाठवता येत नाहीत. बाहेर पाठवायला परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेत जावे लागते. गावच्या सोसायटीत किंवा पतसंस्थेत हे काम होत नाही. पॅन कार्ड लागते, पैसे कशासाठी चालले ते फॉर्मवर लिहावे लागते. कायद्याने माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, तेव्हा आपल्या रकमेची अडचण नसते. घेणारा म्हणून तिथे वैध परवान्यावर राहणारा, आपण ओळखतो असा गाववाला निवडावा, आणि तिकीट शक्यतो इथूनच मुलाच्या नावाने काढावे. हुंडी-हवाल्याने लवकर पोचतात म्हणतात. ते बेकायदा आहे, आणि बुडाले तर फिर्याद तरी कुठल्या तोंडाने देणार?

एक जागा अशीही आहे, जिथे पैशाचा उपयोगच होत नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीकडचे आदिवासी बांधव गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रातली हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तान त्यांना पकडून कराचीच्या मलीर तुरुंगात ठेवते. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी व १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या देतात. १ जानेवारी २०२५ च्या यादीत तिथे २१७ भारतीय मच्छीमार होते. शिक्षा भोगून झाली तरी राष्ट्रीयत्वाची खात्री पटून सुटकेचा हुकूम होईपर्यंत माणूस आतच राहतो. अशा घराला मदत करायची तर ती मागे राहिलेल्या बायको-मुलांना करावी. कमावता हात तिकडे, आणि चूल इकडे.

ज्यांची मुले अजून निघायची आहेत, त्यांच्यासाठी थोडके. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर शिक्का असतो, आणि आखातासह अठरा देशांत नोकरीला जाताना त्याला परवानगी घ्यावी लागते. त्याचे मुंबईचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये व त्यावरील कर यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. पावती मागा. दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमाही उतरतो. 'आधी फिरायच्या व्हिसावर जा, मग तिथे कामाचा करून देतो' असे सांगणाऱ्याला मात्र चहा पाजून वाटेला लावावे.

आणि मुलगा निघण्याच्या आदल्या दिवशी, वहिनी, हे काम तुम्ही करा. त्याच्या पासपोर्टची, व्हिसाची व नोकरीच्या करारपत्राची झेरॉक्स, कंपनीचे नाव-पत्ता, एजंटाचा नोंदणी क्रमांक, आणि तिथल्या दोन मित्रांचे फोन एका वहीच्या पानावर उतरवून घ्या. सातबारा आणि बँकेचे पासबुक ठेवता त्याच पिशवीत ते ठेवा. पानाच्या डोक्यावर १८००-११-३०९० हा आकडा ठळक लिहा.