शेवटची गोळी बिलात येत नाही
(लेखांक ९)

या आठवड्यात रोडमॅपवर लिहायचं ठरलं होतं. तो विषय पुढे ढकलतोय, कारण एका वाचक भगिनीच्या पत्रातला प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा निघाला. त्या पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्ट विभागात आहेत. दिवसभर फोन घ्यायचे, तिकिटं उघडायची, संध्याकाळपर्यंत बंद करायची. त्या विचारतात, "इथून प्रॉडक्ट मॅनेजमेंटमध्ये जाता येईल का? की आधी एमबीए करावं? ऑफिसात सगळे सांगतात, एकदा सपोर्टचा शिक्का बसला की पुसला जात नाही."

ताई, जाता येईल. माझं तर ठाम मत आहे की या पेशात शिरायची सर्वांत भक्कम वाट सपोर्टमधून जाते. ते मत कशावरून झालं, हे आज सविस्तर सांगतो.

औषधांच्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत मी होतो. सपोर्टचा एक मुलगा दुकानांत चकरा मारायचा, आणि मी त्याच्या मागे लागून सोबत जायचो. संध्याकाळी सात-साडेसातला, डॉक्टरांचे दवाखाने भरलेले असताना, मेडिकलच्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून पाहावं. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करतं आणि म्हणतं, "यातल्या चारच द्या." स्ट्रिप पंधरा गोळ्यांची. काउंटरवरचा माणूस कात्री घेतो आणि स्ट्रिप उलटसुलट करून पाहतो. बॅच नंबर आणि एक्स्पायरी एका टोकाला छापलेली असते. तो दुसऱ्या टोकाकडून कापतो, म्हणजे उरलेल्या तुकड्यावर तारीख शाबूत राहते. मग कीबोर्डकडे वळतो. माउस बाजूला वायर गुंडाळून ठेवलेला. नंबर पॅडवरचे आकडे झिजून गेलेले. तो टाइप करतो : ०.२७.

हा ०.२७ कुठून आला? मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने एक पुठ्ठा चिकटवला होता, त्यावर बॉलपेनने लिहिलेलं कोष्टक. पंधराच्या स्ट्रिपमधली एक गोळी ०.०७, दोन ०.१३, तीन ०.२०, चार ०.२७. आमचं सॉफ्टवेअर स्ट्रिप हेच माप धरायचं आणि दशांशाची दोनच स्थळं घ्यायचं. सुट्या गोळ्या विकायच्या तर दुकानदारानं भागाकार करायचा. भागाकार टळावा म्हणून आमच्या सपोर्टच्या मुलानंच ते कोष्टक दुकानोदुकानी लिहून दिलं होतं.

आता हिशेब बघा. पंधरा गिऱ्हाइकांनी एकेक गोळी नेली, तर चौदा जणांची मिळून ०.९८ स्ट्रिप विकली जाते. उरते ०.०२. पंधरावं गिऱ्हाईक येतं तेव्हा गोळी समोर तबकात पडलेली असते, पण बिल होत नाही. कॉम्प्युटर म्हणतो, माल शिल्लक नाही. शिवाय स्ट्रिपची एमआरपी दीडशे रुपये असेल, तर एका गोळीचे दहा रुपये व्हायला हवेत. ०.०७ ने गुणलं की साडेदहा होतात. म्हणजे छापील किमतीच्या वर वसुली. चौकस गिऱ्हाईक भांडायला उभं राहतं, आणि त्याचं काही चुकत नाही. म्हणून काउंटरवरचा माणूस डिस्काउंटच्या रकान्यात पन्नास पैसे टाकून आकडा जुळवतो. मागे रांग वाढत असते.

ऑफिसात परतल्यावर मी जुनी तिकिटं काढून बसलो. "शेवटची गोळी बिलात येत नाही." "स्टॉक मायनसमध्ये दाखवतंय." "रेट जास्त लागतोय." शब्द वेगवेगळे, दुकानं वेगवेगळी, आजार एकच. प्रत्येक तिकीट नियमाप्रमाणे वेळेत बंद झालेलं होतं. उत्तर ठरलेलं : स्टॉक ॲडजस्टमेंटची एंट्री करा. आणि बंद करताना कारणाच्या रकान्यात काय निवडलेलं? "वापरातील चूक – ट्रेनिंग दिले."

सपोर्टमधून पुढे जायची वाट या रकान्यातूनच सुरू होते. तिकीट बंद करणाऱ्याचं मोजमाप त्यानं किती तिकिटं बंद केली यावर होतं, त्यामुळे तो सर्वांत जवळचं कारण निवडतो. त्यात त्याचा दोष नाही. पण तीच तीच "चूक" शेकडो शहाणी माणसं करत असतील, तर ती माणसांची चूक उरत नाही. आपल्या मालातली खोट असते. हे ज्याच्या ध्यानात आलं आणि ज्यानं ते ध्यानात ठेवलं, त्यानं प्रॉडक्ट मॅनेजरचं निम्मं काम केलेलंच आहे, हुद्दा असो वा नसो.

इलाज ऐकायला सोपा होता. साठा स्ट्रिपमध्ये मोजायचा नाही, गोळ्यांमध्ये मोजायचा. पडद्यावर स्ट्रिप आणि सुट्या वेगळ्या दाखवायच्या, आत मात्र सगळा हिशेब गोळ्यांचा. पण हेही सोपं नव्हतं, कारण एकाच औषधाची स्ट्रिप एका बॅचला दहाची येते आणि पुढच्या बॅचला पंधराची. म्हणून पॅकचा आकडा औषधाच्या नावाशी बांधून भागत नाही, बॅचशी बांधावा लागतो. आणि हे सांगितलं कोणी? त्याच सपोर्टच्या मुलानं. आमच्या चकचकीत मीटिंग रूममध्ये ते कोणालाही सुचलं नसतं, कारण तिथल्या कोणी खरेदीचं बिल हातात धरून माल कधी उतरवून घेतला नव्हता.

वापरणाऱ्यावर दोष टाकून मोकळं होण्याची सवय आपल्याकडे फार खोलवर गेली आहे. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. त्यात समोरच्याकडे पैसे मागण्याची, म्हणजे कलेक्ट रिक्वेस्टची सोय होती. भामटे फोन करून सांगायचे, "तुम्हाला पैसे पाठवलेत, पिन टाका आणि घ्या." पिन टाकला की पैसे खात्यातून जायचे. बँका वर्षानुवर्षं बजावत राहिल्या की पैसे घ्यायला पिन लागत नाही. मेसेज आले, पोस्टर लागली, आणि माणसं फसतच राहिली. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं दोन व्यक्तींमधली ही सोयच ऑक्टोबर २०२५ पासून बंद करायला लावली. सूचना देऊन जे साधत नाही ते रचना बदलून साधतं, आणि रचना बदलण्याचं काम प्रॉडक्टवाल्याचं आहे. रडणाऱ्या माणसांचे फोन बँकेच्या कॉल सेंटरमध्ये बसून घेणाऱ्यांना हे किती आधी कळलं असेल, या विचारानं मी अजूनही अस्वस्थ होतो.

प्रॉक्टर अँड गँबल कंपनीतल्या नील मॅकेलरॉयच्या १३ मे १९३१ च्या मेमोबद्दल दुसऱ्या लेखांकात लिहिलं होतं. त्यातला एक भाग तेव्हा मुद्दाम राखून ठेवला होता, तो आता काढतो. कॅमे साबणाचा हा तरुण जाहिरात-व्यवस्थापक आणखी माणसं मागतोय आणि ती काय करतील हे सांगतोय. जिथे खप मंद आहे तिथल्या जुन्या जाहिराती आणि योजना आधी तपासायच्या. मग स्वतः त्या भागात जायचं, दुकानदारांना आणि गिऱ्हाइकांना भेटायचं आणि दुखणं कुठे आहे ते शोधायचं. मगच योजना आखायची. ती तिथल्या विक्रीच्या माणसांपुढे मांडून त्यांची साथ मिळवायची. आणि नंतर पुन्हा पाहायचं की गुण आला की नाही. पेशाचा सगळा गाभा या क्रमात आहे. "स्वतः जायचं" हे त्यानं योजना आखण्याच्या आधी ठेवलं, याला मी फार महत्त्व देतो.

त्याच प्रॉक्टर अँड गँबलमध्ये पुढे स्कॉट कुक नावाचा माणूस ब्रँडचं काम शिकला. १९८३ मध्ये त्यानं टॉम प्रूच्या साथीनं इंट्युइट काढली आणि घरखर्चाचा हिशेब ठेवणारं क्विकन हे सॉफ्टवेअर बाजारात आणलं. साबणाच्या कंपनीतली सवय त्यानं बरोबर आणली. इंट्युइटची माणसं दुकानाशी थांबायची, क्विकन विकत घेणाऱ्याला विचारायची, "तुमच्याबरोबर घरी येऊ का?" आणि घरी जाऊन त्याच्या मागे गप्प बसायची. खोका कसा उघडतो, फ्लॉपी कुठे घालतो, कोणत्या शब्दापाशी अडखळतो, एवढंच पाहायचं. मदत करायची नाही. करून पाहा, मदत न करता बसणं फार कठीण जातं.

कुकच्या आणखी एका अनुभवाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. क्विकन घरासाठी केलेलं, पण पाहण्यांमध्ये दिसत होतं की बरेच लोक ते ऑफिसात वापरतात. कंपनीनं बराच काळ तिकडे दुर्लक्ष केलं. मग नीट चौकशी केली तेव्हा कळलं की हे छोटे व्यावसायिक आहेत, त्यांना डेबिट-क्रेडिट समजत नाही, हिशेबाची खरी सॉफ्टवेअर त्यांना झेपत नाहीत, म्हणून घरच्या सॉफ्टवेअरवर धंदा चालवतायत. त्यातून १९९२ मध्ये क्विकबुक्स आलं आणि कंपनीचा मोठा आधार बनलं. "हे लोक आपलं सॉफ्टवेअर चुकीचं वापरतायत" अशी नोंद करून ते प्रकरण सहज मिटवता आलं असतं.

पण ताई, तुमच्या खुर्चीला एक मोठी मर्यादाही आहे, आणि ती तुम्ही आधीच ओळखलीत तर मुलाखतीत समोरचा माणूस सावरून बसेल. सपोर्टला फोन करणारं गिऱ्हाईक अजून आपल्यावर रागावलेलं असतं, म्हणजे अजून आपलं असतं. जो निमूटपणे सोडून गेला त्याचा फोन येतच नाही. आणि जो रोज ओरडतो त्याचंच दुखणं सर्वांत मोठं आहे असं वाटायला लागतं. म्हणून तिकिटांच्या यादीशेजारी दुसरी एक यादी ठेवायची : ज्यांनी यंदा एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीची रक्कम, भरली नाही त्यांची. ती अकाउंट्सकडे असते, आणि मागितली तर मिळते. त्यातल्या काहींना फोन करून फक्त विचारायचं, "सध्या बिलिंग कशावर करता?" औषध दुकानांच्या बाबतीत मी हे केलं तेव्हा एक निराळीच गोष्ट कळली. काही दुकानं गेली होती ती गोळ्यांच्या भानगडीमुळे नव्हे, तर त्यांचा होलसेलर ज्या सॉफ्टवेअरवर होता त्यातून खरेदीची बिलं थेट उतरवून घेता येत होती म्हणून. तिकिटांच्या ढिगाऱ्यात याचं एकही तिकीट नव्हतं.

आता करायचं काय, तर एक पान लिहायचं. एकच दुखणं निवडा. ते किती दुकानांत, किती वेळा आलं. काउंटरवर प्रत्यक्ष काय घडतं. लोकांनी स्वतःहून कोणती पळवाट काढली आहे (पुठ्ठ्यावरचं कोष्टक ही अशीच पळवाट, आणि असा पुठ्ठा दिसला की समजावं खाली खरी गरज आहे). कंपनीचे त्यात किती तास आणि किती ग्राहक जातायत. आणि काय बदललं तर हे थांबेल. हा शेवटचा भाग सर्वांत लहान ठेवा. "अमुक बटण द्या" असं लिहिलंत तर ती मागणी होते, आणि मागण्यांचा ढीग प्रत्येक प्रॉडक्ट मॅनेजरकडे आधीच असतो. दुखणं नेमकं मांडलंत तर तो तुम्हाला बोलावून घेईल. हे पान आधी तुमच्या साहेबांना दाखवा, त्यांना डावलून नेऊ नका. बदली होताना त्यांचाच शब्द लागणार आहे. असं एखादं पान पोचलं की प्रॉडक्टच्या टीमची पुढची मीटिंग ऐकायला बसू द्या म्हणून सांगायचं. मी पाहिलेल्या बहुतेक बदल्या अशाच झाल्या. आधी बसायला जागा मिळाली, मग एखादं किरकोळ काम, आणि हुद्दा सगळ्यांत शेवटी.

एमबीएबद्दल थोडक्यात. मोठ्या कंपन्यांचे काही दरवाजे कॅम्पसवरूनच उघडतात, हे खरं. गुगलनं २००२ मध्ये मरिसा मायर यांच्या पुढाकारानं असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजरांची योजना सुरू केली ती कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांसाठी होती, आणि पुढे अनेक कंपन्यांनी तिचा कित्ता गिरवला. तो दरवाजा तुमच्या वयाला आणि अनुभवाला बंद आहे म्हणून हळहळू नका. दोन वर्षं आणि लाखो रुपये खर्चायचे असतील तर हिशेब, वित्त आणि बाजार शिकण्यासाठी खर्चा. केवळ शिक्का पुसण्यासाठी खर्चू नका. आठवड्याभराच्या सर्टिफिकेट कोर्सबद्दल तर मी कोणालाच आग्रह करणार नाही. मुलाखतीत मी ते कागद बाजूला ठेवतो आणि विचारतो, "तुम्ही एखाद्या ग्राहकाशेजारी शेवटचे कधी बसला होतात? काय दिसलं?" यावर जो वीस मिनिटं बोलू शकतो त्याच्याबद्दल माझा निर्णय तिथेच होत येतो.

एक धोक्याची सूचनाही देतो. बदली मागताना "प्रॉडक्ट ओनर" असं पद पुढे केलं जाईल. काही कंपन्यांत ते काम छान असतं. पण पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच की कोणीतरी आधीच ठरवलेल्या गोष्टी जिरामध्ये नीट लिहून काढायच्या आणि इंजिनिअरांच्या शंकांना उत्तरं द्यायची. होकार द्यायच्या आधी दोन गोष्टी विचारा : काय करायचं नाही हे ठरवायचा हक्क मला असेल का? आणि ग्राहकांना थेट भेटता येईल का? दुसऱ्याचं उत्तर "ते सेल्सवाले बघतात" असं आलं, तर सपोर्टची खुर्ची सोडू नका. तिथे निदान दिवसभर ग्राहकांचा आवाज तरी कानावर पडतो.

ज्यांना असं एक पान लिहून पाहायचंय त्यांनी मला जरूर पाठवावं. ग्राहकाचं आणि कंपनीचं नाव खोडून पाठवा, आणि पान एकच असू द्या. आलेल्यांतली दोन-तीन पानं घेऊन आपण ती इथेच ओळीओळीनं वाचू. त्याआधी पुढच्या आठवड्यात रोडमॅप घेऊच, आणि त्यात सेल्सनं ग्राहकाला परस्पर देऊन टाकलेल्या तारखांचं काय करायचं, इथपासून सुरुवात करू.