रिमचा लॅकर सुटलाय? वरून दुसरा मारू नका!



आज विषय जाळ्याचा नाही, डिझेलचाही नाही. गाडीच्या चाकाचा आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

जेटीवर उभ्या असलेल्या गाड्यांची अलॉय चाकं एकदा वाकून बघा. नटांच्या बाजूला, दगड लागलेल्या जागी लॅकर फुगलेला दिसेल आणि त्याच्या आत पांढऱ्या दोऱ्यासारख्या रेषा. चकाकी गेली, एवढंच, असं पुष्कळांना वाटतं. आम्हालाही तसंच वाटलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात सोसायटीच्या गाडीची रिम आम्ही स्वतःच 'नवीन' केली. साबणाने धुतली, सुटलेला भाग खरवडला आणि वरून स्प्रेचा लॅकर मारला. आठ दिवस आरशासारखी! मग पाऊस लागला आणि चवथीपर्यंत त्याच जागी पापुद्रे निघाले. वर एका चाकातली हवा रोज सकाळी कमी. पंक्चर काही सापडेना. शेवटी टायर उतरवला तेव्हा कळलं, टायर रिमला जिथे घट्ट बसतो त्या कडेवरच पांढरा थर चढला होता. मासळी भरून पहाटे बाजाराला जाणारी आपली गाडी इतके दिवस कमी हवेवर धावत होती. म्हणजे प्रश्न चकाकीचा नव्हता, जिवाचा होता.

असं का होतं? ॲल्युमिनियम हवेत स्वतःवर ऑक्साइडचा पातळ थर धरतं, तेच त्याचं कवच. मिठातलं क्लोराइड ते कवच फोडतं. लॅकरला चीर गेली की खारं पाणी आत शिरतं आणि लॅकरच्या खालून पुढे सरकत जातं. वरून नवा हात मारला तर मीठ आतच कोंडलं जातं. आपल्या आउटबोर्ड मशीनचा खालचा भागही ॲल्युमिनियमचाच. तिथे आपण झिंक लावतो, किनाऱ्यावर आल्यावर गोड्या पाण्याने धुतो. चाकाला झिंक नाही. त्याला रंग आणि धुणं, एवढाच आधार.

दुसऱ्या वेळी आम्ही पेंटरला विचारून नीट काम केलं, ते असं:

१. टायर उतरवून जुना लॅकर पूर्ण काढला. ॲल्युमिनियमला चालणारा पेंट रिमूव्हर, हातमोजे, चष्मा, आणि काम उघड्यावर. कॉस्टिक सोडा नको, तो ॲल्युमिनियमच खातो. लोखंडी तारेचा ब्रशही नको, त्याचे कण धातूत रुतून तिथूनच गंज सुरू होतो.

२. पांढरा क्षार दिसेनासा होईपर्यंत घासलं. आधी ३२० नंबरचा पेपर, मग ४००, मग ६००. नंतर गोड्या पाण्याने भरपूर धुऊन, सुकवून, थिनरने पुसलं. पुसल्यावर उघडं बोटही लावायचं नाही, हाताचं तेल राहतं.

३. त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, त्यावर सिल्व्हर, मग क्लिअरचे पातळ हात. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेली वेळ पाळली. धातू चकचकीत करून नुसता क्लिअर मारला तर तो नीट धरत नाही. खाऱ्या हवेत तर लवकरच सुटतो.

४. नट बसतात ती जागा आणि चाकाची हबला टेकणारी मागची बाजू टेप लावून झाकली. तिथे रंगाचा जाड थर बसला तर तो पुढे दबतो आणि नट सैल होतात. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्या.

५. पावसाळ्यात हे काम काढू नका. हवेत ओल असली की लॅकर दुधाळ होतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस बरे.

आता सावधगिरी. हार्डनर घालायच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा लागू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क इथे काही कामाचा नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क ज्या पेंटरकडे आहे त्याच्याकडूनच ते काम करून घ्या. लॅकर काढायला रिम गॅसच्या ज्योतीवर तापवू नका, धातूची ताकद जाते. आणि रिमला तडा असेल तर रंग हा त्यावर उपाय नाही. ते चाक बदला.

रोजचं काम सोपं आहे. जेटीवरून घरी आलात की चाकं थंड झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा, आतल्या बाजूनेसुद्धा. साधा शाम्पू पुरतो, ॲसिड नको. पुढच्या वेळी टायर बदलाल तेव्हा पंक्चरवाल्याला रिमची कड दाखवायला सांगा.

होडीचा बुडखा रंगवताना जुना सुटलेला रंग खरवडल्याशिवाय आपण नवा हात मारत नाही. चाकाचंही तसंच आहे.

कोणाच्या चाकातली हवा विनाकारण कमी होत असेल तर सोसायटीत येऊन सांगा. आमची जुनी रिम दाखवायला ठेवली आहे.

— सचिव